तबकडीत न मावलेलं कडवं

लातूर, कार्तिक वद्य सप्तमी, शके १८६६

वकीलसाहेबांस,

नमस्कार लिहायचं मनात नव्हतं. पण दादा म्हणाला, नमस्कारावाचून सुरू झालेलं पत्र फिर्यादीसारखं वाटतं, आणि फिर्यादी वाचून वाचून तुमचे डोळे आधीच बिघडलेले आहेत. म्हणून घ्या, नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. उघडं कार्ड! पाकिटं काय नांदेडात मिळत नाहीत? टपालवाल्यानं ते आधी वाचलं, मग वहिनीनं, मग दादानं, आणि उरलंसुरलं माझ्या हाती आलं. "पाठवलेली वस्तू नाकारून परत केलीस, त्यावरून तुझा इरादा समजला," असं तुम्ही त्यात लिहिता. कसली वस्तू, कोणी नाकारली, मला काही उमजेना. शेवटी दादा शाळा सुटल्यावर टपालकचेरीत जाऊन आला, तेव्हा उलगडा झाला. तुम्ही पार्सलावर घातलंत "सौ. प्रेमला, गंजगोलाईच्या मागे, लातूर." बिचारा टपालवाला आमच्या गल्लीत दारोदार विचारत फिरला. सगळ्यांनी एकच सांगितलं, "प्रेमला म्हून इथं कोन बी न्हाई." शेजारच्या पार्वतम्मांनीही तेच सांगितलं. त्या म्हणजे आडतवाल्या मलप्पांच्या घरच्या, त्यांची आमची भिंतसुद्धा एक आहे. त्यात खोटं कोणीच बोललं नाही. या गावात मी गोदावरी आहे, बारशापासून. बोहल्यावरून उतरल्यावर तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीनं "प्रेमला" असं लिहिलंत, ते नांदेडपुरतं. लातूरला ते अजून कोणाला कळलेलं नाही. कार्ड पोचलं ते त्यावर दादाचं नाव होतं म्हणून.

दादा सांगत होता, पार्सल गोल आणि चपटं होतं. तेव्हा ओळखलं मी. त्याच गाण्याची तबकडी ना ती? दसऱ्याला वाजत होती ती? धन्य आहे तुमची. ज्या गाण्यावरून मी घर सोडलं, तेच गाणं मला समजूत म्हणून पाठवता. आणि इकडे ती वाजवायची कशावर? दादाच्या घरी ग्रामोफोन नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही का? जावई म्हणून इतक्या वेळा येऊन पुरणपोळ्या खाऊन गेलात, तेव्हा तो तुम्हाला कुठल्या कोपऱ्यात दिसला होता?

पुढे गैरसमज नको म्हणून एकदाच स्पष्ट लिहिते. दसऱ्याला सोनं द्यायला तुमचे मुन्सफसाहेब आणि दोघे-तिघे वकील आले होते. तबकडी वाजली. संपल्यावर मी दारातून म्हटलं, "याचं तिसरं कडवं राहिलं." मुन्सफसाहेब सभ्य माणूस. म्हणाले, "असं? मग म्हणून दाखवा की." मी म्हटलं. चार ओळीसुद्धा नाहीत, दोनच. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "आत जा." बस्, एवढंच. नावसुद्धा नाही. आत कोणी जायचं हेही कळू नये, कारण मांजरही तिथंच बसली होती. मांजर उठली नाही. मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तुम्ही कचेरीत होतात. मी येईन, वकीलसाहेब. पण चारचौघांत आत पाठवलंत, तर चारचौघांत बाहेर बोलवा. नावानं. माझी मागणी एवढीच आहे. यात तुमच्या अदालतीला न समजण्यासारखं काय आहे?

प्रेमला नव्हे, पण प्रेमलाच समजा


लातूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६६

वकीलसाहेबांस नमस्कार.

तबकडी या वेळी दादाच्या नावानं पाठवलीत, त्यामुळे सुखरूप पोचली. सोबत पत्राची एक ओळ नाही. मी पार्सलातलं गवत झटकून झटकून पाहिलं. गाणं पाठवलं म्हणजे सगळं बोलून झालं, असं तुम्हाला वाटत असावं.

ऐकायचं तर पार्वतम्मांकडे जावं लागलं. मलप्पांनी गेल्या साली सोलापुराहून फोनो आणलाय, भोंगा असलेला. तो दुकानाच्या गादीमागे असतो आणि त्यावर कापसाची धूळ असते. पार्वतम्मांनी तो पदरानं पुसून माजघरात आणला, चावी दिली आणि दार लावायचं विसरल्या. मग काय विचारता! गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका येऊन बसल्या. सगळ्यांना ठाऊक की ही माहेरी येऊन राहिली आहे, नवरा न्यायला येत नाही, आणि आता त्यानं काहीतरी पाठवलं आहे. गाणं संपलं तसं पार्वतम्मा डोळे टिपत म्हणाल्या, "लई ग्वाड हाय गं. लेकीची पाठवणी डोळ्यांम्होरं उभी राह्यली बघ."

पाठवणी! इथंच माझं डोकं फिरतं.

तुम्हाला तरी आठवतं का हो, ते गाणं कशाचं आहे? आपण दोघांनी तो बोलपट नांदेडला नदीच्या वाळवंटातल्या तंबूत पाहिला, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. नायिका सासर सोडून निघते. माहेर नव्हे, सासर! नवऱ्यानं भर बैठकीत तिचा पाणउतारा केलेला असतो. ती तुळशीला पाणी घालते, दिवा लावते, आणि उंबऱ्याशी थबकून गाते,

उंबऱ्या रे उंबऱ्या, पाऊल माझे सोड,
मागे राहू दे दिवा, मागे राहू दे ओढ.

पहिली दोन कडवी तुळशीची आणि दिव्याची. तिसऱ्यात ती मागे वळते आणि नवऱ्याकडे बघून म्हणते,

हाक मार तर नावाने मार, जनांदेखत मार,
नाही तर मग लावून घे तू आपुले आपण दार.

सगळं गाणं या दोन ओळींसाठी आहे. पण तबकडीच्या एका अंगाला तीन मिनिटं, आणि कंपनीनं तिसरं कडवं छाटून टाकलं. उरलं काय, तर उंबरा, तुळस, दिवा आणि रडू. झालं. ज्यांनी बोलपट पाहिला नाही त्या साऱ्या मराठवाड्यानं त्याचं पाठवणीचं गाणं करून टाकलं. गेल्या आठवड्यात कारंजे वकिलांच्या मुलीच्या लग्नात नवरी मोटारीत बसताना हेच वाजवलं. नवरा सोडून निघालेल्या बाईचं गाणं, नव्या नवरीला! मी म्हटलंही, अहो हे अशुभ आहे. तर मुलीची आत्या म्हणते, "हिला काय कळतंय, ही सोताच परत आलेली."

त्या बाईला दोष देत नाही. तुम्हाला देते. तुम्ही तंबूत माझ्या शेजारी बसला होतात. पण दुसरं कडवं संपता संपता तुमचा कोणी मुवक्किल बाहेरून खुणावू लागला आणि तुम्ही उठून गेलात. परतलात तेव्हा पडद्यावर पुढलं चालू होतं. मी म्हटलं, फार छान कडवं गेलं तुमचं. तुम्ही म्हणालात, "तबकडी घेऊ की, त्यात ऐकेन." घेतलीत. त्यात ते नव्हतंच. आणि मग पाच वर्षं तुम्ही ते गाणं पुरं ऐकल्याच्या थाटात पाहुण्यांना ऐकवत राहिलात.

तबकडी पार्वतम्मांकडे ठेवली आहे. मला नको.

गोदावरी ऊर्फ प्रेमला


लातूर, माघ शुद्ध त्रयोदशी, शके १८६६

वकीलसाहेबांस नमस्कार.

आता दोन आल्या. एकाच पार्सलात, भुशाच्या पोत्यात, आणि या वेळी पत्रही. पत्राबद्दल आभार. तबकड्यांबद्दल काय लिहू?

पहिली कोण्या नव्या बाईंच्या आवाजातली. तुम्ही लिहिता, "ही आवृत्ती जास्त भावपूर्ण आहे, दुकानदारानं खास काढून दिली." भावपूर्ण म्हणजे बाई दर ओळीला हुंदका देतात. दिवा म्हणताना एक, तुळस म्हणताना दोन. मूळ नटी रडत नव्हती हो. तिचा आवाज कोरडा होता, म्हणून तर तंबूतल्या बायका रडल्या. दुसरी तबकडी तर एका बुवांची! पुरुषानं म्हणायचं, "उंबऱ्या, पाऊल माझे सोड"! कुठं चाललेत हे बुवा? वहिनी म्हणाली, देशांतराला निघाले असतील. पार्वतम्मा म्हणाल्या, "न्हाई, आडतीला चाललेत." मी हसले. खोटं कशाला सांगू, दसऱ्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि मग तुम्ही तिथं नाही म्हणून पुन्हा चिडले.

तिसरं कडवं दोन्हींत नाही. नव्या लोकांनी गाणं बोलपटातून घेतलंच नाही, जुन्या तबकडीवरून उचललं. एकानं जे गाळलं ते पुढच्यांना ठाऊकच नाही. आणखी दहा जण गातील, तरी असंच होईल.

आता तुमच्या पत्राकडे वळते. तुम्ही कैफियत चांगली मांडली आहे, एवढं मान्य. पहिला मुद्दा, गाणं पाठवलं हेच बोलावणं समजावं. समजणार नाही. बोलावणं तोंडानं असतं. दुसरा मुद्दा, "बायकोला नावानं हाक मारायची आपल्याकडे रीत नाही, तूही माझं नाव घेत नाहीस." मुद्दा बिनतोड वाटतो, कबूल करते. पण नाही. मी तुमचं नाव घेतलेलं आहे, वकीलसाहेब. मंगळागौरीला घेतलं, दुसरीच्या डोहाळजेवणात घेतलं, मुन्सफांच्या घरच्या हळदीकुंकवाला तर दोनदा घ्यायला लावलं. दर वेळी चारचौघींत, दर वेळी यमक जुळवून. तुम्ही माझं नाव किती वेळा घेतलंत? एकदा लिहिलंत, तांदळात. आणि तेही माझं नव्हतं, तुम्हाला आवडलेलं होतं. "गोदावरी फार जुनं वाटतं," म्हणाला होतात. आणि रोज सकाळी ओट्यावर उभं राहून शेजाऱ्यांना विचारता, "गोदावरीला पाणी किती आहे हो?" तेव्हा बरी जीभ अडखळत नाही तुमची.

"तू ये, झालं गेलं विसर" असं शेवटी लिहिलंत. राग आहे म्हणून मी इथं राहिले असं समजू नका. राग काही चार महिने पुरत नाही. तुमच्या काळ्या कोटाचं वरचं बटण सैल झालेलं मी जाताना पाहिलं होतं, त्याची मला अजून रुखरुख आहे. ते कोणाकडून तरी लावून घ्या.

गोदावरी


लातूर, चैत्र शुद्ध षष्ठी, शके १८६७

वकीलसाहेब,

बँडची तबकडी मिळाली. बँडची! क्लॅरिनेट आणि ताशा. शब्दच नाहीत! तिसरं कडवं नाही म्हणून मी तीन महिने कंठशोष करते आहे, आणि तुम्ही मला असं गाणं पाठवता ज्यात पहिलंही नाही आणि दुसरंही नाही. म्हणजे कोणतंच राहिलं नाही म्हणून तक्रारीला जागा नाही, असा काही तुमच्या कायद्यात मुद्दा आहे का?

पार्वतम्मांच्या मुंजीएवढ्या नातवाला, शिवलिंगाला, मात्र ती फार आवडली. तो तिच्यावर नाचतो. तुमचा एवढा एकच पक्षकार या गावात उरला आहे.

चिडून झालं. आता दुसरं लिहिते, ते जड आहे. पाडव्याला दादानं विषय काढला. म्हणाला, "गोदे, किती दिवस ताणायचं? मी येतो पोचवायला. नांदेडला दोन दिवस राहीन, त्यांच्याशी बोलेन." दादा मनानं भला आहे, त्याच्या डोळ्यांत मला ओझं दिसलं नाही. पण गल्लीत बोलतात ते त्याच्या कानांवर जातं. बोलतात की, पोरबाळ नाही म्हणून हिला आत-बाहेर करायला काय लागतं? हे वाक्य मी विहिरीवर स्वतः ऐकलं आहे. घागर भरली आणि घरी आले. तुम्हाला सांगितलं नसतं, पण मग कोणाला सांगू?

दादाला मी नाही म्हटलं. पोचवलेली बाई आणि नेलेली बाई यांत फरक असतो. पोचवलेली बाई दार उघडेपर्यंत बाहेर उभी राहते आणि दार कोण उघडेल, कसं उघडेल याचा विचार करते. मला नांदेडच्या त्या दारात तसं उभं राहायचं नाही. तिथली तुळस मी लावली आहे. दिवा मी लावत होते. त्या घरात मी मांजरीसारखी "आत जा" म्हटल्यावर आत जाणारी म्हणून परत आले, तर पुढची तीस वर्षं तशीच राहीन, आणि तुम्हालाही तेच बरं वाटू लागेल. तुम्ही वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असता तर मी तबकड्या परत पाठवल्या असत्या.

तुम्ही लिहिलंत, लातूरला यायला फुरसत नाही, खटल्यांच्या पेश्या लागलेल्या आहेत, पुढल्या महिन्यात अपिलाच्या कामी हैदराबादला जायचं आहे. जा. हैदराबाद लातूरपेक्षा लांब आहे, एवढं मला ठाऊक आहे. पण तिकडे जायला रेल्वेचा डबा आहे, आणि इकडे यायला तोंड लागतं.

गोदावरी


लातूर, वैशाख शुद्ध एकादशी, शके १८६७

वकीलसाहेब, वकीलसाहेब!

काय लिहू आणि कुठून सुरू करू?

हैदराबादहून आलेलं पार्सल उघडलं. तबकडी काळी, चकचकीत, नेहमीपेक्षा जड. वर कंपनीचं चित्र नाही, नटीचं नाव नाही. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, "आबिद रोडला एका दुकानात माणसाचा आवाज तबकडीवर उतरवून देतात. तुझं तिसरं कडवं या वेळी आहे." खाली दुकानदाराची सूचना, ही तबकडी फार वेळा वाजवू नये, सुईनं झिजते.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. तुम्ही गायलात? ज्यांना रामरक्षासुद्धा सुरात म्हणता येत नाही, ते तुम्ही? एकटीनं ऐकायचं ठरवलं. दुपारी मलप्पा दुकानात, सून झोपलेली, असं पाहून पार्वतम्मांकडे गेले. पण तबकडी पिशवीतून नेली तरी गल्लीला कळतंच. चावी देईपर्यंत माजघर भरलं. "आज सोता नवरा गाऊन राह्यलाय म्हनं," असं कोणीतरी म्हणालं. कुठून कळलं, देव जाणे. पुन्हा कार्डावर लिहिलंत की काय कोणाला?

सुई टेकली. खरखर झाली. आणि तुमचा आवाज आला. खरा, तुमचा. मी पदर तोंडाशी धरला. तुम्ही म्हणालात,

"मी, अवधूत वल्द बापूसाहेब, पेशा वकिली, साकीन नांदेड..."

वकीलसाहेब! गाण्याच्या आधी! वल्द आणि साकीन! बायकांना आधी वाटलं की अदालतीच्या अमीनसाहेबांची काही नोटीस आहे. पार्वतम्मा घाबरून म्हणाल्या, "यव्वा, कुनावर जप्ती आली?" मग तुम्ही घसा साफ केलात. मग "प्रस्तुत गीत माझ्या पत्नीच्या इच्छेवरून" वगैरे. तुमचं नाव झालं, मामंजींचं झालं, गावाचं झालं, धंद्याचं झालं. "पत्नी" म्हणून मी आले, नाव नसलेली. मग गाणं. पहिलं कडवं तुम्ही इतकं सावकाश म्हटलंत, की जणू जबानी लिहून घेणारा कारकून समोर बसलाय. ओळ संपली की थांबता. मध्ये एकदा खोकलात. दुसऱ्या कडव्यात "दिवा"वर आवाज फाटला, तो फाटलेलाच पुढे नेलात. कोणी हसलं नाही, हे सांगते. मीही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रागही येत होता, कारण मला सुई दिसत होती. ती आत आत सरकत होती. मी मनात म्हणत होते, अहो उरका, अहो उरका, जागा संपली!

तिसरं कडवं सुरू झालं. "हाक मार तर ना"

आणि खर्र, खर्र, खर्र.

संपली तबकडी.

माजघरात सगळ्या एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. पार्वतम्मांनी कपाळाला हात लावला. कंपनीचीही तीन मिनिटं तिथंच संपली होती, तुमचीही तिथंच संपली. त्या कंपनीला निदान माझं नाव माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. साकीन नांदेड आधी सांगायची काय गरज होती? नांदेड कुठे पळून चाललं होतं?

तेव्हापासून तबकडी रोज वाजते. मी नको म्हणते, तरी कोणीतरी नवी बाई येते आणि म्हणते, एकदाच. अहमदपूरहून कोणाची पाहुणी आली होती, तिलाही ऐकवली. दुकानदारानं सांगितलं ते खरं आहे. वल्द बापूसाहेब आता पुसट झाले आहेत. दिवा जवळजवळ विझला. "हाक मार तर ना" एवढं कान देऊन ऐकलं तर कळतं. आणखी थोड्या दिवसांनी तिथं खरखर उरेल.

मला ते जायला नको आहे. हे एवढं मी लिहिते आणि थांबते. बाकी जे राहिलं ते तबकडीवर मावत नाही, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

गोदावरी


लातूर, वैशाख वद्य नवमी, स्वयंपाकघर

अवधूत,

घ्या, लिहिलं. उखाण्यात नाही, यमक नाही, सरळ. वरचं छत काही पडलं नाही.

हे पत्र टपालानं येणार नाही. तुम्ही आमच्या ओट्यावर बसला आहात आणि वहिनी चहा घेऊन येईल, तेव्हा बशीखाली हे असेल. तुम्ही आलात. मोटारीतून उतरताना मी खिडकीतून पाहिलं. कोटाचं बटण अजून सैलच आहे. सात महिने! एक बटण!

मला वाटलं, दारात याल आणि बोलाल. आलात आणि वहिनीला काय सांगितलंत? "आत सांगा, मी आलोय." आत! कोणाला आत? मग बसलात, आणि तेव्हापासून दादाशी कापसाच्या भावावर बोलताय. तुम्ही कधी कापूस विकलात? दादानं तरी कधी विकला? दोघे शहाणे आहात. दादाला भाव ठाऊक नाही म्हणून तो प्रत्येक वेळी "हो ना" म्हणतो, आणि तुम्ही पुन्हा नवा भाव काढता. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकते आहे.

तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं. नदीचं नाव जिभेवर सहज येतं, माणसाचं येत नाही. माझ्याही जिभेवर तुमचं नाव येत नव्हतं, वर पाहा, आलं. तुम्ही प्रेमला म्हणालात तरी मी समजून घेईन, असं काल मनात आलं होतं. आज नाही. इथं त्या नावाची कोणी नाही, हे टपालवाल्यानं तुम्हाला कार्तिकातच कळवलं होतं.

चारचौघे हवे होते, ते आपणहून जमले आहेत. पार्वतम्मा ओट्याच्या कडेला सूप घेऊन बसल्यात, सुपात धान्य नाही. मलप्पा दुकान सोडून आलेत. भिंतीवरून दोन डोकी दिसतात ती मोजणीत धरू नका. तुमच्या दसऱ्याच्या बैठकीपेक्षा ही बैठक मोठी आहे. मुन्सफ तेवढे नाहीत.

ट्रंक माझ्या पायाशी आहे. भरलेली. हे सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकते, नाही तर तुम्ही कापसावरून ज्वारीवर जाल.

चहा प्या. मग उठून उभे राहा, दाराकडे तोंड करा आणि राहिलेलं कडवं म्हणा. गायलं नाही तरी चालेल. ही तबकडी नव्हे, वेळ लागेल तेवढा घ्या. मात्र कृपा करून साकीन नांदेडपासून सुरुवात करू नका. माझ्या नावापासून करा.